रणगाड्यामागचा फुफाटा

बुलढाण्याचा पोरगा चिलखती दलात भरती झाला की त्याचं शिक्षण अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये होतं, आणि रणगाड्यांचा सराव जवळच्या के. के. रेंजवर. जमीन आपल्यासारखीच, काळ्या बेसाल्टची. चाळीस टनांहून जड रणगाडा ती पट्ट्यांखाली दळत निघाला की झाकणातून डोकं बाहेर काढून बसलेला मागच्या गाडीचा चालक थेट त्या फुफाट्यात शिरतो. हा सरावातला किरकोळ त्रास समजला जातो. माझ्या मते तो कामातून जडणाऱ्या आजाराचा धोका आहे आणि तसाच मोजला पाहिजे.

दातांखाली करकरणारी माती त्यातल्या त्यात बरी. ती नाका-घशात अडते. घात करतात ते साधारण 4 मायक्रॉनच्या आतले कण. ते दिसत नाहीत आणि पार वायुकोशांपर्यंत पोचतात. त्यांत क्वार्ट्झ असेल तर सिलिकोसिसची भीती, शिवाय श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे. बेसाल्टमध्ये मोकळं क्वार्ट्झ फार थोडं, हा आक्षेप खरा. पण जवान नगरलाच थोडा राहतो? पुढे बिकानेरकडचं महाजन, पोखरण वाट्याला येतं, आणि तिथली वाळू मुख्यतः क्वार्ट्झची. क्वार्ट्झ नसलेली धूळही श्वासनलिका सुजवते, दमा चाळवते, ते वेगळंच.

तरणीताठी पोरं, त्यांना काय होतंय, असंही म्हटलं जातं. उलट दमछाक होताना माणूस तोंडाने श्वास घेतो, नाकाची गाळणी चुकते आणि हवा कैक पटींनी जास्त आत जाते. सिलिकोसिस तर बहुधा दहा-वीस वर्षांनी, म्हणजे पेन्शन घेऊन गावी परतल्यावर उघड होतो. इराक-अफगाणिस्तानातून परतल्यावर धाप लागणाऱ्या 80 अमेरिकी सैनिकांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 38 जणांच्या सूक्ष्म श्वासनलिका आकसलेल्या निघाल्या. मात्र त्यांतले बरेच जण 2003 च्या मोसुलजवळच्या गंधकाच्या आगीतही सापडले होते. सगळं खापर धुळीवर फोडणं चूकच, पण कशाने किती झालं हे मोजमापाशिवाय कळणार कसं?

उन्हात, हेडसेट चढवून मास्क लावणं जिकिरीचं, हे मान्य. पण दोन गाड्यांत अंतर वाढवता येतं, वारा पाहून ताफा आखता येतो, शेडमध्ये हवेचा झोत मारण्याऐवजी ओल्या फडक्याने धूळ पुसता येते. इंजिनाचा एअर फिल्टर ठरल्या तासांनी साफ होतोच की! चालकाची फुंकर-चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, भरतीच्या वेळी एकदा आणि पुढे दरवर्षी झाली, तर निवृत्तीनंतर धाप लागलेल्या माणसाच्या हातात डॉक्टरला दाखवायला जुने आकडे तरी असतील.