मुलाखत आणि तिची स्मृती

थोर व्यक्तीचे कर्तृत्व ग्रंथातून कळते. परंतु उत्तर देण्यापूर्वी ती क्षणभर का थांबली, हे ग्रंथ सांगत नाही. दूरदर्शनवरील मुलाखतीचे सामर्थ्य नेमके येथेच आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी तबस्सुम यांनी ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा हिंदी कार्यक्रम आरंभिला. चित्रपटसृष्टीतील नामवंतांशी चाललेला हा संवाद १९९३ पर्यंत टिकला. तबस्सुम स्वतः बालनटी म्हणून त्याच सृष्टीत वाढलेल्या. त्यामुळे प्रश्न विचारणारा परका नव्हता.

चित्रपटातील पाहुण्यांचे हावभाव निदान पडद्यावर तरी उरतात. लोककलावंतांचे काय? छत्तीसगडमधील भिलाईचे उदाहरण घ्यावे. जवळच्या गनियारी गावच्या, तेथील पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या तीजनबाईंना २०१९ साली पद्मविभूषण लाभले. पंडवानी गाताना त्यांच्या हातातील तंबुरा कधी भीमाची गदा होई, तर कधी अर्जुनाचे धनुष्य. अशा कलावंताचे बोलणे केवळ लिहून घेतल्यास शब्द राहतात, हात हरवतो.

म्हणून मुलाखतीइतकेच तिचे जतनही महत्त्वाचे. फिती महाग असताना जुने चित्रमुद्रण पुसून त्यावरच नवे करण्याची रीत अनेक देशांत होती. पुसलेल्या उत्तरासाठी तोच प्रश्न पुन्हा विचारता येईल. उत्तर देणारा मात्र तेव्हा असेलच, असे नाही.