एक्झोराच्या वाफ्यांमधला दिवस

सकाळी ६.३०. पुणे-सोलापूर रस्त्यालगतची आमची रोपवाटिका. जुलै असला तरी रात्री पाऊस झालाच असेल, असं नाही. पाइप हातात घेण्याआधी दोन-चार पिशव्यांत बोट खुपसून बघतो. माती ओली लागली तर पाणी नाही. एक्झोरा या फुलझुडपाला ओल हवी असते, पण पाणी साचलं की मुळं कुजतात. हिच्यासाठी शेडवरून उतरणारं पावसाचं पाणी टाकीत धरून ठेवतो. बोअरच्या पाण्यातले क्षार हिला मानवत नाहीत.

८.००. ऊन चढायच्या आत कलमांच्या काड्या काढायच्या. कोवळा शेंडा नको आणि जून लाकूडही नको, यांच्या मधली काडी घ्यायची. लांबी १० ते १२ सेंटिमीटर, खालचा काप पेराच्या लगेच खाली. कामावरच्या मावशी खालची पानं काढतात, वरची निम्मी कापतात आणि कळी दिसली की खुडतात. काडीचं टोक आयबीए या मुळं फुटवणाऱ्या पावडरमध्ये बुडवून कोकोपीट-वाळूत रोवायचं, वर प्लास्टिकचा बोगदा घालायचा. मुळं धरायला महिना-दीड महिना जातो. तोवर काडी उपटून बघायची नाही.

१०.३०. कीड बघण्याची फेरी. पानांवर काजळी दिसली की ती पुसत बसत नाही, आधी खोडावरच्या मुंग्यांची रांग शोधतो. मुंग्या जिथे जातात तिथे पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड सापडतेच; काजळीही त्यांच्याच चिकट स्रावावर चढते. जास्त लागलेली फांदी छाटून टाकतो. बाकीच्या झाडांवर निंबोळी तेल मारायचं ते संध्याकाळी, कारण उन्हात पानं करपतात.

१२.००. बाहेरून रोपांची गाडी आली. साऱ्या क्रेटवर एकच चिठ्ठी : ‘लाल एक्झोरा’. इथे घाई चालत नाही. आधी पेर बघायचं. पानं समोरासमोर आणि दोन देठांच्या मध्ये टोकदार उपपर्ण असेल, तर झाड कदंब कुळातलं. कॉफीही याच कुळातली. मग पाकळ्या मोजायच्या. पाच पाकळ्या आणि मऊ, लवदार पान म्हणजे पेंटास. चार पाकळ्या, लांब बारीक नळी आणि चिवट, तुकतुकीत पान म्हणजे एक्झोरा. त्यातही पाकळीचं टोक अणकुचीदार आणि पान जवळजवळ बिनदेठाचं असेल, तर कोकणातला बकोरा, इक्झोरा कॉक्सिनिया. पाकळी टोकाला गोल असेल तर बहुधा इक्झोरा चायनेन्सिस. संकरित वाणांत या खुणा मिसळतात. तिथे पाटीवर नुसतं ‘एक्झोरा’ लिहितो.

३.००. एक काका मोबाइलमधला फोटो दाखवतात. “दादा, शेणखत घातलं, युरिया घातला, तरी पानं पिवळीच.” फोटोत शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या आहेत. नत्र कमी पडलं असतं तर आधी खालची जुनी पानं पिवळी झाली असती. इथे लोह कमी पडतंय. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण ते मुळांना उचलता येत नाही. “काका, युरिया थांबवा. ईडीडीएचए प्रकारातलं चिलेटेड लोह द्या. ईडीटीए आपल्या जमिनीत टिकत नाही.” जमलं तर झाड कुंडीत घ्यायलाही सांगतो, तिथे माती आपल्या हातात राहते.

५.००. छाटणी. फुलं फांदीच्या टोकाला येतात, म्हणून बहर ओसरल्याबरोबर हलकी कात्री चालवायची. कुंपणासारखी दर पंधरवड्याला छाटलेली एक्झोरा हिरवीगार राहते, पण फुलत नाही.

६.३०. फवारणी झाली, पाट्या लिहून झाल्या. एक्झोरा घ्यायला याल तेव्हा फुलाचा रंग बघून पिशवी उचलू नका. आधी पेर आणि पाकळ्या बघा, नवी पानं हिरवी आहेत ना ते तपासा. आणि घरची माती व पाणी कसलं आहे, ते आम्हाला सांगा. अर्धा सल्ला त्यावरच ठरतो.