‘महल’ची भीती

मुलांनो, भुताचा चित्रपट म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? अक्राळविक्राळ चेहरा, रक्त, किंकाळ्या? १९४९ साली मुंबईच्या बॉम्बे टॉकीजने काढलेल्या ‘महल’ चित्रपटात यांपैकी फारसे काही नाही. तरी अंगावर काटा येतो.

कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट. जुन्या वाड्यात आलेल्या हरिशंकरला तेथे हुबेहूब आपल्यासारख्या माणसाची तसबीर दिसते. मग दुरून गाणे ऐकू येते. गाणारी कोण? लता मंगेशकर यांनी त्या गाण्याची सुरुवात माइकपासून दूर उभे राहून, हळूहळू जवळ येत गायिली होती. म्हणून तो आवाज आपल्याकडेच चालत येतो असे वाटते. जे दिसत नाही, ते आपले मन रंगवते. मुखवट्याचे काय, दोनदा पाहिला की हसू येते!

शेवटी न्यायालयात कळते, ती तर माळ्याची मुलगी. भूत नव्हतेच! पण या सावलीमागे धावताना हरिशंकर पत्नी रंजनाला विसरलेला असतो, आणि तोपर्यंत तिचा जीव गेलेला असतो. उलगडा झाल्यावरही रंजनाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.