लाटेचा आकडा किनाऱ्यावर कसा पोचला

जगातल्या समुद्रांवर उद्या किती उंच लाटा उठतील, याचा अंदाज अमेरिकेचं नौदल रोज बांधतं. अर्थात आपल्या युद्धनौकांसाठी. हा हिशेब करणारं केंद्र आहे कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे शहरात. पण २००० सालाच्या सुमारास नौदलाच्या या अंदाजावर आणखी कोणाचा तरी दिवस ठरत होता: पुदुच्चेरीजवळच्या वीरमपट्टिणम या गावातल्या मच्छीमारांचा. नौदलाच्या संकेतस्थळावरून बंगालच्या उपसागराचा अंदाज उतरवून घेतला जाई, तमिळमध्ये बोलून ध्वनिमुद्रित केला जाई आणि किनाऱ्यावरच्या भोंग्यांतून गावाला ऐकवला जाई. आज होडी लोटायची की जाळी विणत बसायचं, हे त्यावर ठरे.

मुळात लाटेची उंची मोजतात तरी कशी? समुद्रावर कुठलीही लाट दुसरीसारखी नसते. मग ‘दोन मीटर’ म्हणजे नेमकी कोणती लाट? याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात निघालं. सैनिकांनी भरलेल्या नावा किनाऱ्याला लावायच्या तर लाटांचा अंदाज हवा होता. वॉल्टर मंक या तरुण समुद्रशास्त्रज्ञाने आणि त्याचे गुरू स्वेरड्रप यांनी एक व्याख्या ठरवली: सगळ्या लाटांपैकी सर्वांत उंच अशा एक-तृतीयांश लाटा निवडायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. हीच का? कारण मुरलेला दर्यावर्दी समुद्राकडे नुसतं पाहून जी उंची सांगतो, ती साधारण इतकीच भरते! म्हणजे नौदलाचा महासंगणक वाऱ्यांची प्रचंड गणितं सोडवून जो आकडा काढतो, तो मुळात खलाशाच्या डोळ्यावरूनच बेतलेला आहे. ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमवर जन्म काढलेल्या माणसाला तो पटकन कळला, यात नवल नाही. फरक एवढाच की डोळ्याला आजची लाट दिसते आणि संगणकाला उद्याची.

आकडा मॉन्टेरेहून निघाला, तरी गावापर्यंतचा शेवटचा टप्पा सर्वांत बिकट होता. तो जोडला कृषिशास्त्रज्ञ डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या चेन्नईतल्या संशोधन प्रतिष्ठानाने. १९९८ मध्ये कॅनडाच्या एका विकाससंस्थेच्या मदतीने त्यांनी पुदुच्चेरी परिसरात गावोगावी माहिती केंद्रं सुरू केली. फोनच्या तारा जेमतेम आणि वीज बेभरवशाची. म्हणून विल्लियनूर गावात मुख्य केंद्र काढलं. तिथे इंटरनेट, सरकारी कचेऱ्या आणि बाजार अशा सगळीकडून माहिती गोळा होई, तमिळमध्ये लिहिली जाई आणि बिनतारी संचांवरून आसपासच्या गावांतल्या संगणकांवर पोचे. छपरावर सौर पट्ट्या होत्या, त्यामुळे दिवे गेले तरी काम अडत नसे.

प्रतिष्ठानाची अटही विचार करण्याजोगी होती. केंद्राला जागा गावाने द्यायची, पण ती अशी की तिथे कोणालाही, कोणत्याही जातीच्या माणसाला, बिनदिक्कत येता यावं. एम्बलम गावात केंद्र थाटलं देवळाच्या आवारातल्या खोलीत. देवळाच्या गाभाऱ्याकडे जाणारं दार सर्वांना खुलं नव्हतं. संगणकाच्या खोलीचं मात्र होतं. केंद्र चालवणाऱ्या बहुतेक गावातल्याच बायका. संगणक त्या इथेच शिकल्या आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन आलं.

लोक विचारत काय? धान्याचा आणि खतांचा भाव, शाळेच्या परीक्षेचा निकाल, बसची वेळ, कोणत्या सरकारी योजनेत आपलं नाव बसतं. किळूर गावात एका निरक्षर बाईची एकुलती एक दुभती गाय अडली होती. दिवस उलटले तरी वासरू बाहेर येईना. घरात पैसा येई तो या गाईच्या दुधाचाच. केंद्रातल्या स्वयंसेविकेने संगणकातल्या यादीतून पशुवैद्य शोधले, त्यांना कळवलं. डॉक्टर आले, वासरू सुखरूप निघालं. या गोष्टीत यंत्राने केलं ते एवढंच, की यादी हाताशी ठेवली. पण त्या घरापुरती ती यादी गाईच्या किमतीची होती.

गरिबीचं हे अंग आपल्या सहसा लक्षात येत नाही. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला माहिती नसण्याचा दंड जास्त बसतो. तालुक्याला खेप घालावी आणि साहेब रजेवर असावेत, तर बसभाडंही गेलं आणि दिवसाची मजुरीही. बाजारभाव ठाऊक नसला की व्यापारी सांगेल तोच भाव. योजना कागदावर असते, पण अर्जाची मुदत उलटल्यावर कानावर येते. अशी छोटी छोटी गळती थांबली, तरी महिनाअखेरीस हातात चार पैसे उरतात.

२६ डिसेंबर २००४ रोजी याच व्यवस्थेची अशी परीक्षा झाली, जिची कोणी कल्पनाही केली नव्हती. नल्लवाडू या किनाऱ्यावरच्या गावचा एक तरुण सिंगापूरला नोकरीला होता. एके काळी त्याने गावच्या माहिती केंद्रात काम केलं होतं. सकाळी त्सुनामीची बातमी कळताच त्याने घरी फोन लावला. गावकऱ्यांनी केंद्राचं दार फोडलं आणि भोंग्यावरून ओरडून सगळ्यांना किनाऱ्यापासून दूर पळायला सांगितलं. लाटांनी घरं पाडली, होड्या नेल्या. गावात साडेतीन हजारांवर वस्ती होती. माणूस एकही दगावला नाही.

त्या दिवशी इशारा आला फोनवरून. इंटरनेटचा त्यात काही वाटा नव्हता. पण कुठला भोंगा लावायचा, तो कोणत्या खोलीत आहे आणि त्यावरचा आवाज खरा मानायचा, हे गावाला रोजच्या सवयीने ठाऊक होतं. ही सवय लागली होती रोजच्या लाटांच्या अंदाजाने.

आता लाटांचे अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सागरी माहितीची राष्ट्रीय संस्था देते. २००७ पासून भारताचं त्सुनामी इशारा केंद्रही तिथेच आहे. मोबाइल किनाऱ्यावर खिशाखिशात पोचला. महाराष्ट्रात ‘आपले सरकार’ केंद्रांतून दाखले मिळतात. यंत्रं स्वस्त झाली, वेगवान झाली. तरीही गावासाठी नवं ॲप निघालं, की पुदुच्चेरीने शिकवलेले तीन प्रश्न विचारून पाहावेत: काय सांगायला हवं, ते गावाला विचारलं होतं का? ज्याला वाचता येत नाही, त्याच्या कानापर्यंत ते कोण नेणार? आणि ते दार गावातल्या शेवटच्या माणसाला उघडं आहे का? तिन्ही प्रश्नांना चांगली उत्तरं मिळाली, तर जुना संगणक आणि एक भोंगाही पुरतो.