पाठाच्या तयारीचा हिशेब

जपानात इंग्रजी शिकवायला निघालेले मित्र पगार किती ते सांगतात. मी विचारतो, आठवड्यात वेगवेगळे पाठ किती? 'एइकाइवा' या खासगी संभाषणवर्गांत पुस्तक आणि पाठाचा साचा बहुधा संस्थेचाच. तयारी थोडी, मात्र तासिका एकामागून एक, श्वास घ्यायला उसंत नाही. १९८७ साली सुरू झालेल्या जेट योजनेतून शाळेत जाणारा परदेशी शिक्षक नावाने 'सहायक'. माध्यमिक शाळेत इंग्रजीचे जपानी शिक्षक सोबत असतात, शिवाय एकच पाठ अनेक तुकड्यांना चालतो. खरी दमछाक प्राथमिक शाळेत! २०२० पासून तेथे पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तासिका. वर्गशिक्षक बहुधा सर्वच विषय शिकवणारे, इंग्रजीचे तज्ज्ञ नव्हेत. मग चित्रे, खेळ, गाणी, कधी अख्खा पाठच या 'सहायका'च्या गळ्यात पडतो.