फौज नावाला, तरी बाजी मारली!

सुट्टीत लेक कॉम्प्युटरवर ‘सिव्हिलायझेशन’ खेळत होता. मी रागावले तर म्हणाला, ‘‘आई, बघ तरी! माझी फौज नावालाच आहे. पण लेखक, चित्रकार, गवई जपले. त्यांची कला बघायला परदेशी पर्यटक लोटले नि मी जिंकलो!’’

मला तंजावरचे सरफोजीराजे भोसले आठवले. १७९९ मध्ये इंग्रजांनी त्यांचा कारभार काढून घेतला. राजांनी मग सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. १८५५ मध्ये राज्यही खालसा झालं. ग्रंथालय मात्र आजही उभं आहे.

नांदगावात आम्ही बायका पुस्तकं गोळा करून घरोघरी फिरवतो. ‘‘यानं काय होणार?’’ असं विचारतात. मैत्रिणींनो, आता माझ्याकडे उत्तर आहे!