चित्र खरे, नाव चुकीचे : १५४२ सालची छापील मिरची

जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक असलेले लेओनहार्ट फुक्स यांचा वनस्पतींविषयीचा लॅटिन ग्रंथ १५४२ मध्ये बाझल येथे प्रसिद्ध झाला. त्यातील पाचशेहून अधिक काष्ठठशांमध्ये आपल्या परिचयाची मिरचीही आहे. तिला नाव मात्र दिले आहे 'कालिकतची मिरी'! मिरची मूळची अमेरिकेतील, पण फुक्स तिला भारतीय समजले. अर्थात, आपणही 'मिरी'वरूनच 'मिरची' हा शब्द घडवला असल्याने त्यांना फारसे हसण्याचे कारण नाही.

नाव चुकले तरी चित्र चुकलेले नाही. त्या काळी औषधी ही प्रामुख्याने वनस्पतींचीच असे आणि वनस्पती ओळखण्यात गफलत झाली, तर ती रोग्याच्या जिवावर बेतण्याची भीती होती. हाताने नकला करताना चित्रे पिढीगणिक बिघडत जात. काष्ठठशामुळे एकच रेषा शेकडो वाचकांपर्यंत जशीच्या तशी पोहोचू लागली.

या ठशाचे तंत्र उलट्या विचाराचे आहे. कागदावर जे पांढरे राहायला हवे, ते लाकडातून कोरून काढायचे. रेघ तेवढी उंच ठेवायची आणि तिच्यावर शाई लावायची. अक्षरांचे खिळेही असेच उंच असल्याने मजकूर आणि चित्र एकाच यंत्रावर छापता येत असे. ताम्रपटाच्या चित्राला ही सोय नव्हती.

फुक्स यांच्या चित्रांत सावली जवळजवळ नाहीच. छायाप्रकाशाच्या कौशल्यापायी मूळ आकार झाकोळू नये, ही त्यांची जाणीवपूर्वक भूमिका होती. पानभर पसरलेले झाड, बहुधा मुळांसकट, आणि भोवती कोरा कागद. या मोकळ्या रेषांत रंग भरणेही सोपे जाई. त्याआधी १५३० मध्ये स्ट्रासबुर्गला निघालेल्या ब्रुनफेल्स यांच्या ग्रंथात चित्रकार हान्स वायडिट्स यांनी कोमेजलेली, फाटकी पानेही तशीच रेखाटली होती. डोळ्यांना ती चित्रे अधिक जिवंत वाटतात. पण रानात रोप शोधणाऱ्या वैद्याला फुक्स यांचेच चित्र अधिक उपयोगी पडावे.

ग्रंथाच्या शेवटी तीन कारागिरांची छायाहीन नव्हे, तर चेहरेपट्टीसह व्यक्तिचित्रे आहेत, हे त्या काळी दुर्मीळच. आल्ब्रेख्ट मायर रोपावरून चित्र काढत आहेत, हाइनरिख फ्युलमाउरर ते फळीवर उतरवत आहेत आणि सोबत आहेत लाकूड कोरणारे फाइट रुडोल्फ श्पेक्ले.